दीड वाराचं लुगडं

"छान वेळ जातो ना तुमचा?"

माझ्या घरी येऊन बाहुल्या बघणारी बहुतेक माणसं जाताना हेच विचारतात. चेहरा कौतुकाचा, जसं काही मी चित्र रंगवणारं पहिलीतलं पोर आहे. आधी मी हसून सोडून द्यायचे. आता सोडत नाही. वेळ घालवायला माझ्याकडे टीव्ही आहे, मोबाईल आहे, समोरच्या इमारतीतल्या दोन मैत्रिणी आहेत. केडगावच्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. लढाया, तह, पगड्यांचे प्रकार, सगळं पोरांकडून पाठ करून घेतलं. त्या पुस्तकांत बाया काय नेसायच्या यावर एक ओळ नव्हती, आणि तीस वर्षांत मलाही ते खटकलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर खटकलं, आणि चांगलंच खटकलं. तेव्हापासून मी वीतभर उंचीच्या बायकांना कपडे घालते. याला माझा राग म्हणा हवं तर, पण वेळ घालवणं म्हणू नका.

काम तसं डोकं खाणारं आहे. आत तार, तारेवर कापूस, त्यावर मऊ झालेल्या जुन्या कापडाची कातडी. बाजारात मिळतात तशा बाटलीवर बसवलेल्या बाहुल्या चालत नाहीत, कारण नऊवारीला दोन सुटे पाय लागतात. बाहुलीच्या उंचीला नऊ वारांचं दीड वार होतं, तो हिशेब सोपा. पण लांबी कमी केली तरी कापडाची जाडी कमी होत नाही. नव्या साडीचा तुकडा गुंडाळला की बाहुली सात महिन्यांची गरोदर दिसते. म्हणून धुऊन धुऊन विरलेलं कापड शोधायचं. साडीचा खरा काठ तिला गुडघ्यापर्यंत येतो, म्हणून काठ लावायचा तो धोतराचा, करंगळीएवढा. निऱ्या भाताच्या पेजेत भिजवायच्या, दोऱ्यानं बांधायच्या आणि जाड शब्दकोशाखाली दोन दिवस दाबून ठेवायच्या. एवढं करून मनासारखं नाही बसलं तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या फळीवर परकर-पोलक्यातली मुलगी आहे, फुग्यांच्या बाह्यांचं झंपर घातलेली मास्तरीण आहे, पहिल्यांदा गोल साडी नेसून अवघडलेली नवी नवरी आहे. उसात काम करणारी बाई आहे, तिनं साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घातलाय आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलाय. आणि शेवटची आहे ती आजची, गाऊन घालून खांद्यावर ओढणी टाकलेली, हातात दुधाची पिशवी. आमच्या भागातल्या एका महिला मंडळानं मला प्रदर्शन मांडायला बोलावलं होतं. शर्टवाली आणि गाऊनवाली बघून अध्यक्षबाईंचं तोंड वाकडं झालं. म्हणाल्या, "या दोन बाजूला ठेवू या का? संस्कृती दाखवायची आहे आपल्याला." अध्यक्षबाई स्वतः सकाळी दूध घ्यायला गाऊनवर ओढणी टाकूनच खाली येतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सगळ्या बाहुल्या परत खोक्यांत भरल्या आणि रिक्षा बोलावली.

पण खरी परीक्षा घेतली ती आत्याबाईंनी. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझं माहेर नगरातलं, पिढ्यान् पिढ्या मास्तरकीचं ब्राह्मण घर. लग्न करून मी पडले काष्टीच्या शेतकरी घरात. हे आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो, तिथंच जमलं. दोन्हीकडच्यांनी चार-पाच वर्षं तोंडं फिरवली. सगळ्यात आधी बोलायला लागल्या त्या आत्याबाईच. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्या गल्लीत लुगडं नेसणारी बाई आता त्यांच्याशिवाय एकही उरलेली नाही.

त्यांची बाहुली करायला मला दोन महिने लागले. गर्द निळं लुगडं, लाल काठ, हिरवी चोळी, डोक्यावरून पदर. काष्टीला गेले तेव्हा ती मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला पुढून बघितलं, मागून बघितलं, उलटी केली, आणि विचारलं, "ही कोन?"

"तुम्हीच की, आत्याबाई."

"मी न्हाई ही. ही तुज्या म्हायेरची बाई हाय. ह्यो पुढं केवडा बोंगा काडलाय, आन् लुगडं घोट्यापतोर. ही खुरपायला कशी बसंल? उलशीक चालली तरी चिखलात काठ लोळंल हिचा."

मी कपाळावर हात मारला. तीस वर्षं इतिहास शिकवणारी बाई मी, आणि शेतकरणीला नेसवलं होतं माझ्या आजीसारखं, पुढं ओच्याचा फुगा काढून, पायघोळ. हात आपसूक तिकडंच गेले होते. चाळीस वर्षं ज्या सासूला डोळ्यांसमोर बघत आले, ती काय नेसते हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मला फार लाज वाटली. त्याच दुपारी आत्याबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, लुगडं सोडलं आणि चार वेळा नेसून दाखवलं. कमरेला वेढा, पुढं घट्ट गाठ, निऱ्या, आणि त्या निऱ्या पायांमधून मागं ओढून कमरेत खोचायच्या. तो कासोटा. सगळं पोटरीच्या वर, आवळून. मी वहीत आकृत्या काढल्या. पुढच्या खेपेला नवी बाहुली नेली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता हाय मी." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

त्यानंतर वर्षभरात त्या ओट्यावरून उतरताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नगरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. हाडाच्या डॉक्टरांनी वॉकर धरून चालवायला सांगितलं. पायावर पाय टाकायचा नाही, फार वाकायचं नाही, एवढीच पथ्यं. घरी आल्या त्या मात्र गाऊनमध्ये. फिकट गुलाबी, त्यावर पांढरी फुलं.

माझी धाकटी जाऊ काष्टीच्या घरात राहते. आत्याबाईंचं उठवणं, बसवणं, धुणं, पुसणं सगळं ती करते. गाऊन तिनं आणला, आणि तिचं बरोबरच होतं. ज्या बाईला धड उभं राहता येत नाही, तिला नऊ वार गुंडाळायचे कसे आणि संडासच्या वेळी सोडायचे कसे? हे सगळं मला कळत होतं. तरी आत्याबाईंकडे बघवत नव्हतं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. भेटायला कुणी आलं की चादर गळ्यापर्यंत ओढायच्या. सख्खा भाऊ घोडेगावहून भेटायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवलं. वॉकरला हात लावेनात. जाऊ म्हणाली, "ताई, चार महिने झाले, डॉक्टर म्हनतेत हाड जुळलं, पन ह्या उंबऱ्याभाईर यायला तयार न्हाईत."

मी पलंगावर बसून विचारलं, काय होतंय. त्यांनी चादर आणखी वर ओढली. मग म्हणाल्या, "मी नागडी हाय."

गाऊन मानेपासून घोट्यापर्यंत होता. लुगड्यात त्यांच्या पोटऱ्या जन्मभर उघड्या राहिल्या, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. पण कासोट्याशिवाय त्या वयात आल्यापासून एक दिवस चार माणसांत आल्या नव्हत्या. आपल्याला वाटतं अंग झाकलं म्हणजे झालं. कुठलं अंग झाकायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि आत्याबाईंच्या बाबतीत ते आम्ही सगळ्यांनी मिळून परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्यातच पुतणीचं लग्न ठरलं. जावेची एकुलती एक मुलगी, आत्याबाईंच्या अंगाखांद्यावर वाढलेली. लग्नाच्या दिवशी सगळ्या मुलींनी नऊवारी नेसायची असं घरच्या बैठकीत ठरलं. नेसायची म्हणजे काय, शिवलेली. पायजम्यासारखी पायांत घालायची, मागं चेन ओढायची, पदर पिनेनं लावायचा, झाली नऊवारी. मला त्या पोरींवर राग नाही, पोरी दिसतात छान. राग आला तो त्याच बैठकीत पुढं जे ठरलं त्याचा. आत्याबाईंना कार्यालयात न्यायचं नाही, एक बाई सोबतीला ठेवून त्यांना घरीच ठेवायचं. न्यायचंच झालं तर चाकाच्या खुर्चीत, गाऊनवर शाल टाकून, कोपऱ्यात. माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, "म्हणजे नऊवारी फोटोत चालते, आणि जिनं जन्मभर नेसली तिला मात्र गाऊन घालून कोपऱ्यात बसवायचं?" दीर मोबाईल बघायला लागले.

आत्याबाईंना सगळं ऐकू गेलं होतं. कान त्यांचे शाबूत आहेत. मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "लुगड्यात न्या, न्हाईतर नगा नेऊ. गाऊनात मी माज्या नातीच्या अंगावर अक्षता टाकनार न्हाई." लग्नाला आठ दिवस होते. मी म्हणून बसले, "मी नेसवते तुम्हाला."

म्हणायला काय जातंय. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्यांना उभं केलं आणि मी वेढा घ्यायला लागले. गाठ बांधेपर्यंत त्यांचे पाय लटपटायला लागले. निऱ्या करायला मी खाली वाकले आणि त्या माझ्या पाठीवरच आल्या. जाऊ धावली म्हणून दोघी वाचलो. त्यांना पलंगावर निजवून जाऊ मला बाहेर घेऊन गेली. एरवी गरीब गाय आहे ती, पण त्या दिवशी फाडफाड बोलली. "ताई, तुमी दोन दिस ऱ्हाऊन केडगावला जाल. पुन्हा हाड मोडलं तर करायचं कुनी? तुमच्या बाहुल्या पडल्या तर उचलून ठेवता येतंय. ही जित्ती बाई हाय."

झोंबलं मला, कारण खोटं काही नव्हतं. चार महिन्यांत मी किती वेळा आले होते? आले तेव्हा गाऊनवर टीका करायला आले होते. गाऊन धुवायला एकदाही बसले नव्हते. रात्री जेवणंखाणं झाल्यावर आत्याबाईंचं अंथरूण बदलायला मी आपणहून गेले.

आणि ते बदलताना बघितलं, की जाऊ त्यांना उभं करतच नाही. एका कुशीवर वळवते, गुडघ्यांत उशी देते, चादरीची अर्धी घडी पाठीखाली सरकवते, मग दुसऱ्या कुशीवर वळवते आणि चादर पलीकडे ओढून घेते. पेशंट उठत नाही, चादर बदलते. मी बघतच राहिले. कारण मीसुद्धा आजवर एकाही बाहुलीला उभं करून नेसवलेलं नव्हतं. तारेचे पाय वजन घेत नाहीत म्हणून त्यांना टेबलावर आडवं घालूनच सगळं करते मी. कासोटासुद्धा तिला कुशीवर वळवूनच खोचते. ही साधी गोष्ट त्या दिवशी सकाळी मला सुचू नये?

"उद्या तू झोप पलंगावर," मी जावेला म्हणाले. "आधी तुझ्यावर करून बघते."

तिला वाटलं माझं डोकं फिरलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, घरातली गडी माणसं बाहेर गेल्यावर, ती आत्याबाईंच्या शेजारच्या पलंगावर आडवी झाली. आत्याबाई कुशीवर वळून हुकूम सोडत होत्या. मी लुगड्याची घडी तिच्या कमरेखाली सरकवली, तिला इकडं वळवलं, तिकडं वळवलं, पुढं गाठ मारली, झोपल्याझोपल्याच निऱ्या घेतल्या. गुडघ्यांतून निऱ्या मागं नेताना जावेला गुदगुल्या झाल्या आणि ती अशी हसत सुटली की पलंग कुरकुरायला लागला. आत्याबाई ओरडत होत्या, "आगं आवळ, आवळ. सैल सोडलं तर म्हशीवानी लोंबल मागं." पहिल्या खेपेला सैलच झालं. दुसऱ्या खेपेला जाऊ उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा लुगडं नेसली होती ती, पन्नाशीत. खोलीत चार फेऱ्या मारल्या, उकिडवी बसून बघितलं, उठून बघितलं.

"ताई, हे तर लई सुटसुटीत हाय," ती म्हणाली. मग सासूकडे बघून विचारलं, "आन् बाथरूमला जायचं तर?"

"कासोटा सैल करून सारायचा बाजूला," आत्याबाई म्हणाल्या. "तुज्या गाऊनावानी समदं वर गोळा करत बसाय लागत न्हाई. शेतात कुटं हुती खोली आमाला?"

तिथून पुढं जावेनं कामच हातात घेतलं. मला फक्त निऱ्या ठेवल्या. गाठ जरा एका बाजूला घ्यायची, म्हणजे खुर्चीत बसल्यावर पोटाला रुतत नाही, ही युक्ती तिची. ऑपरेशनच्या बाजूला कधी वळवायचं, किती वळवायचं हे तिलाच ठाऊक होतं. डॉक्टरांना फोन लावून पथ्यं पुन्हा विचारली तीही तिनंच. तीन दिवस आम्ही दोघी रोज दुपारी आत्याबाईंना नेसवत होतो आणि सोडत होतो. पहिल्याच दिवशी, कासोटा खोचून त्यांना बसतं केल्यावर, त्यांनी दोन्ही हात मागं नेऊन चाचपून बघितलं. मग म्हणाल्या, "वॉकर कुटाय?" चार महिने ज्या वॉकरला हात लावला नव्हता, तो धरून त्या दारापर्यंत गेल्या. ओट्यावर जाऊन बसल्या. शेजारणीला हाक मारली. मी आत जाऊन, दार लावून, पोटभर रडून घेतलं.

लग्नाच्या दिवशी गर्द निळं लुगडं, लाल काठ, डोक्यावरून पदर अशा त्या गाडीतून उतरल्या. चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांना आत नेलं, पण कोपऱ्यात नाही, मांडवाच्या पहिल्या रांगेत. नातीच्या मैत्रिणी गोळा झाल्या. एकीनं विचारलं, "आजी, तुमची कुठल्या टेलरनं शिवली?" आत्याबाईंनी तिला पाठ फिरवायला लावली, चेनवरून बोट फिरवलं आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ हसत राहिल्या. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा त्यांनी मला खूण केली. जावेनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. शेवटच्या अक्षता त्यांनी उभं राहून टाकल्या.

मग घरच्यांचा फोटो. नवरा-नवरी मध्ये, आम्ही सगळे दोन्ही बाजूंना, आत्याबाई पुढं खुर्चीत. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. मग अदबीनं म्हणाला, "काकू, आजींच्या मांडीवर शाल टाका जरा. पाय दिसतायत, बरं दिसणार नाही फोटोत."

माझं उत्तर जिभेवर तयार होतं. तेवढ्यात जाऊ शाल घेऊन पुढं आली. मला वाटलं, संपलं. तिनं शालीची घडी घातली, ती स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आत्याबाईंनी फोटोवाल्याकडे बघितलं.

"दिसू दे," त्या म्हणाल्या. "माजेच हायेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. मग काढला त्यानं फोटो.